ठेवते, बोगदा आला

ठाणे सुटलं की खाडीचा पूल, मग कळव्याची कारशेड, आणि मग मी फोनवर आईला म्हणायचे, "ठेवते, बोगदा आला." सोळा वर्षं. आईला पण सवय झाली होती, ती समोरून "बरं बरं" म्हणायची आणि माझ्या आधी तीच फोन ठेवायची. कारण नाही ठेवला तरी तो कट होणारच असायचा, पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क कुणालाच मिळायचं नाही.

मी वासिंदची. सीएसएमटीहून कसारा लोकल पकडली की साधारण दोन तास लागतात, कधी पावणेदोन, आणि मधे कुठे मेलला पुढे काढायला थांबवलं तर कितीही. मुंबईतल्या माणसाला वासिंद म्हटलं की "म्हणजे कल्याणच्या पुढे का?" असं विचारतात, आणि कल्याणच्या पुढे म्हणजे त्यांच्या डोक्यात एकदम नाशिकच येतं. पण आमच्या गावाला रेल्वे आली ती १८५५ला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३च्या एप्रिलमध्ये, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी वासिंदला. त्यानंतर आसनगावला जायला मात्र १८६० उजाडलं. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं या बाजूचं शेवटचं स्टेशन आमचं होतं. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, अप्पांनी सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू ते स्वतः त्या गाडीतून उतरले होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. मस्जिद बंदरला एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे, बत्तीस वर्षं. पहाटे साडेचारला उठायचे, रात्री साडेनऊला घरी. लहानपणी मला अप्पा म्हणजे रविवारचा माणूस वाटायचे, बाकीचे सहा दिवस ते फक्त चपलांच्या आवाजात असायचे. मी सहा-सात वर्षांची असताना ते मला पहिल्यांदा मुंबईला घेऊन गेले, राणीची बाग दाखवायला. राणीच्या बागेतलं आता काहीही आठवत नाही खरं तर, एक पाणघोडा सोडून. आठवतो तो बोगदा. दिवा स्टेशन गेलं आणि अप्पांनी माझा हात घट्ट धरला, म्हणाले, "बाय, आता मोज." मी मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि धाडकन सगळं काळं झालं. दारात उभी असलेली पोरं जोरात ओरडली, तो आवाज भिंतीला आपटून परत आत आला, चाकांचा आवाज पण एकदम जाड झाला, कानात कापूस घातल्यासारखं. मी मोजायचं विसरून अप्पांच्या शर्टात तोंड खुपसलं. उजेड आला तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "शहाऐंशी."

ते रोज मोजायचे. जाताना एकदा, येताना एकदा. मला वाटतं त्यांचा दिवस त्या दोन आकड्यांच्या मधे बसायचा.

हा बोगदा १९१६चा. सव्वा किलोमीटरहून जास्त लांब. त्याच्या आधी गाड्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडून जायच्या, खाडीच्या कडेकडेने, मग डोंगर आरपार पोखरला आणि फास्ट गाड्यांना सरळ रस्ता झाला. स्लोवाले मुंब्र्याकडूनच जात राहिले. त्यामुळे आमच्याकडे दोन प्रकारची माणसं होती, बोगद्याची आणि मुंब्र्याची. कसारा-आसनगाववाले जवळपास सगळे बोगद्याचे, कारण आमच्या गाड्या कल्याणपासून पुढे फास्टच असतात, स्लो असत्या तर आम्ही घरी पोचलो तेव्हा परत निघायची वेळ झाली असती.

२००४ला मी नोकरीला लागले, फोर्टात एका सीएच्या ऑफिसमध्ये. पहिल्या दिवशी अप्पा स्टेशनपर्यंत आले, त्यांची स्वतःची गाडी आधीची होती तरी त्या दिवशी त्यांनी ती सोडली. प्लॅटफॉर्मवर लेडीजचा डबा कुठे येतो ती जागा दाखवली, अगदी पायाने फरशीवर रेघ ओढल्यासारखं करून, "इथे उभी राहा, दार बरोबर तुझ्यासमोर येईल." आलं. इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस, हे संध्याकाळी चुकायचं नाही म्हणून तीनदा सांगितलं. एस पकडलीस तर कल्याणनंतर गाडी अंबरनाथ-बदलापूरकडे वळेल आणि तुला झोप लागलेली असेल तर नेरळला जाग येईल, म्हणाले. (एकदा आली. नेरळला नाही, वांगणीला. पावसात रात्री दहा वाजता वांगणीच्या प्लॅटफॉर्मवर उलट गाडीची वाट बघत उभं राहणं काय असतं ते मी तेव्हा अनुभवलं, आणि एका अनोळखी बाईने मला तिच्या छत्रीत घेतलं होतं, तिचा चेहरा अजून आठवतो.)

लेडीज डब्याबद्दल लोक खूप लिहितात, भाजी निवडतात, भांडतात, हळदीकुंकू करतात वगैरे. सगळं खरं आहे. पण आमच्या सकाळच्या कसारा लोकलचं वेगळं असं काही होतं ते म्हणजे तिच्यात जंगल यायचं. खर्डी, आटगावकडच्या कातकरी-ठाकर बायका पाट्या घेऊन चढायच्या, मे महिन्यात करवंदं, जांभळं, पहिला पाऊस पडला की शेवळं, मग कर्टुली. पाटीवर पळसाची पानं झाकलेली, आणि डब्यात तो ओला मातीचा वास, टिटवाळ्यापर्यंत राहायचा, मग गर्दी वाढली की पावडरीच्या आणि तेलाच्या वासात हरवायचा. त्यातल्या एका मावशीने मला शेवळं कशी साफ करायची, त्यात काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, का घालायची हे कल्याण ते ठाणे एवढ्या वेळात शिकवलं. काकडं नाही घातली तर घसा खाजतो. कल्याणला अर्ध्या बायका उतरून बाजारात बसायच्या, अर्ध्या दादरपर्यंत जायच्या. दादरला पन्नास रुपयाला जो वाटा मिळतो तो पहाटे तीन वाजता डोंगरातून निघालेला असतो, हे दादरला तो वाटा घेणाऱ्या बाईला माहीत नसतं, तिची काही चूक नाही, पण मला ते नेहमी सांगावंसं वाटतं.

आणि पाणी. मुंबईला सगळ्यात जास्त पाणी देणारं भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात. तानसाही इथलंच, ते तर १८९२चं. या पाण्याच्या जाड पाइपलाइनी आमच्याच भागातून मुंबईकडे जातात, आणि आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर येतो. पाणी त्याच दिशेने जातं, भाजी त्याच दिशेने, आणि पहाटेच्या गाडीने माणसंही त्याच दिशेने. संध्याकाळी फक्त माणसं तेवढी परत येतात. हा विचार मला पहिल्यांदा खडवलीला आला, भातसा नदीच्या पुलावर, ऑगस्टमध्ये नदी तुडुंब होती आणि शेजारी बसलेली आटगावची मुलगी सांगत होती की तिच्या वहिनीने उन्हाळाभर दीड किलोमीटरवरून पाणी आणलं. त्यानंतर तो पूल आला की माझं लक्ष आपोआप खिडकीकडे जातं.

तर बोगदा. सकाळी बोगदा म्हणजे तयारीची वेळ. दिवा गेलं की ठाण्याला उतरणाऱ्या उठायच्या, केसांना पिना, कुणी टिकली सरळ करायची, कुणी पर्समधून रुमाल काढून घाम टिपायची, आणि हे सगळं बोगद्याच्या खिडकीत बघून, कारण बाहेर काळोख झाला की काचेचा आरसा व्हायचा. आमच्या ग्रुपचा नियम होता, बोगदा संपला की बसलेल्यांनी उठायचं आणि कल्याणपासून उभं असलेल्यांना बसू द्यायचं, पुढे सीएसएमटीपर्यंत. कुणी लिहून ठेवलेला नियम नाही. नवीन मुलगी आली आणि उठली नाही तर तिला कुणी बोलायचं नाही, फक्त सगळ्याजणी उठायच्या, मग तीही उठायची.

संध्याकाळी मात्र वेगळं. दिवसभराची बडबड, फोन, बॉस, नवऱ्याचे मेसेज, सासूबाईंचं औषध, मुलाच्या शाळेची फी, हे सगळं ठाण्यापर्यंत चालू आणि बोगद्यात शिरलं की बंद. एकदम. नेटवर्क नाही म्हणून फोन बंद, आवाजामुळे बोलणं बंद, खिडकीत फक्त आपला चेहरा. मी इतर बायकांकडे बघायचे, सगळ्या आपापल्या चेहऱ्याकडे बघत असायच्या किंवा डोळे मिटून. मिनिटभर, दीड मिनिट. कुणी कुणाची आई नाही, कुणाची सून नाही, कुणाची ज्युनियर नाही. दिवसातला तेवढा एकच वेळ असा होता की जेव्हा माझ्याकडून कुणालाही काहीही नको असायचं. मी एकदा हिशेब केला होता, हिशेबाचीच नोकरी आहे ना. वर्षाला २८० दिवस, रोज दोनदा, दीड मिनिट, १६ वर्षं. नऊ दिवसांहून थोडं जास्त होतं. नऊ दिवस मी त्या डोंगराच्या पोटात काढलेत. माझ्या लग्नानंतर आम्ही फिरायला गेलो होतो ते सुद्धा सहाच दिवस.

मग २०२०. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या, आणि आमच्या घराच्या मागून जाणारा रुळांचा आवाज, जो आम्हाला कधी ऐकूच यायचा नाही, तो नाही म्हणून झोप लागेना. नंतर अत्यावश्यकवाल्यांसाठी सुरू झाल्या, ऑक्टोबरमध्ये बायकांना परवानगी मिळाली, पण माझं ऑफिस घरून चालू होतं. मी परत गाडीत चढले ते १५ ऑगस्ट २०२१नंतर, दोन डोसवाल्यांना पास द्यायला लागले तेव्हा. आमच्या ग्रुपमधल्या अकरापैकी सात जणी उरल्या होत्या. दोघींच्या नोकऱ्या गेल्या, एक गावी गेली. आणि खर्डीहून येणारी आमची नर्स, जी पूर्ण लॉकडाऊनभर ड्युटीला जात होती, ती गेली. त्या दिवशी बोगद्यात आम्ही कुणीच खिडकीत बघितलं नाही.

आणि सहा महिन्यांत बोगदाही गेला. गेला म्हणजे जागेवरच आहे, पण आमचा राहिला नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, ७२ तासांचा मोठा ब्लॉक होता, आणि त्यानंतर बोगद्यातला जुना मार्ग मेल-एक्सप्रेसला मिळाला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने घातलेल्या नवीन रुळांवरून जायला लागल्या. कारण अगदी बरोबर आहे, मला मान्य आहे, लांबच्या गाड्या आणि लोकल वेगळ्या झाल्या तरच लोकल वेळेवर धावतील, आणि आमच्याकडे कल्याण ते कसारा अजून दोनच लाइन, त्याच्यावरच मेल, त्याच्यावरच मालगाडी, त्याच्यावरच आम्ही, म्हणून हे दुखणं आमच्याइतकं कुणालाच कळत नाही. तिसऱ्या लाइनचं काम चालू आहे, मातीचे ढीग आणि नवीन पुलाचे खांब रोज दिसतात, आणि ती व्हावी म्हणून मी खरंच वाट बघतेय. पण ब्लॉकनंतरच्या पहिल्या संध्याकाळी ठाणे सुटलं, खाडी गेली, मी आईला म्हणाले "ठेवते, बोगदा आला" आणि गाडी वळली. उजेड राहिला. फोन चालूच राहिला. आई म्हणाली, "काय गं, ठेवतेस ना?" मला काय बोलावं कळेना.

मुंब्र्याची बाजू सुंदर आहे, हे पण सांगितलं पाहिजे. डोंगराच्या उभ्या कड्याखालून गाडी जाते, वर मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं, पावसाळ्यात कड्यावरून पांढऱ्या धारा पडत असतात, दुसऱ्या बाजूला खाडी. अप्पांना मी फोटो काढून दाखवले तर म्हणाले, मी बत्तीस वर्षांत हे फक्त मेगाब्लॉकच्या दिवशी बघितलंय. पण ते वळण आहे. गाडी झुकते. दारात माणसं असतात, कारण आत जागा नसते, आणि ज्याने कसाऱ्याहून साडेसहाची किंवा साडेसातची गाडी कधी पकडली नाही त्याने दारात उभ्या राहणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हौस म्हणून कुणी आठ इंच पायदानावर पन्नास किलोमीटर उभं राहत नाही.

९ जून २०२५, सोमवार. सकाळची कसाऱ्याहून सीएसएमटीला जाणारी फास्ट आणि समोरून कर्जतकडे जाणारी फास्ट मुंब्र्याजवळ त्याच वळणावर एकमेकींना क्रॉस झाल्या, दोन्ही गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना, त्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्या आणि माणसं खाली पडली. त्याच दिवशी ४ जण गेले. आमची लाइन, आमच्या गाड्या. मी त्या दिवशी घरीच होते, मुलाला ताप होता. सकाळी नऊपासून आमच्या सात जणींच्या ग्रुपवर एकच शब्द, "पोचले", "पोचले", "पोचले". सहावा मेसेज यायला पावणेअकरा वाजले. तो येईपर्यंत मी किचनमध्ये उभी होते, गॅस चालू होता की बंद ते सुद्धा माहीत नाही. अप्पा बाहेर पडवीत रेडिओ लावून बसले होते, त्यांना सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या टायमाला पण पडायची माणसं, बाय. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभे राहायचो." आणि रेडिओ बंद करून आत गेले.

त्यानंतर पंधरा दिवस ते वळण आलं की आमचा डबा गप्प व्हायचा. बोगद्यात व्हायचा तसा नाही. बोगद्यातली शांतता आपापली होती, ही सगळ्यांची मिळून होती, आणि समोरून गाडी आली की दाराजवळच्या मुलींना आतल्या बायका दंडाला धरून आत ओढायच्या, ओळख असो नसो. अजूनही ओढतात. दिव्याहून एक कॉलेजची मुलगी चढते, इअरफोन लावलेली, तिचा दंड मी रोज धरते, तिचं नाव मला माहीत नाही.

आता दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दादरला झालं, माझा भाऊ तिथे राहतो, आठ दिवस त्याच्याकडे ठेवलं आणि मग मी त्यांना घरी आणायला गेले. संध्याकाळच्या लोकलमध्ये त्यांना चढवणं शक्य नव्हतं, म्हणून नाशिककडे जाणाऱ्या एका एक्सप्रेसचं कल्याणपर्यंत तिकीट काढलं, कल्याणहून आसनगाव लोकल पकडू म्हटलं. डोळ्यावर काळा गॉगल, अंगात स्वेटर, मांडीवर औषधांची पिशवी. ठाणं गेलं. बाहेर आधीच अंधारलेलं होतं, त्यात त्यांना गॉगलमधून काहीच दिसत नव्हतं, आणि माझ्या डोक्यातही नव्हतं, मी सीटखालची बॅग ओढत होते. गाडीचा आवाज बदलला. चाकांचा आवाज जाड झाला, खिडकीतून दमट थंड हवेचा झोत आला, फोनवर बोलणाऱ्या माणसाने "हॅलो, हॅलो" केलं.

अप्पांनी माझ्या मनगटाला हात लावला. "बोगदा ना गं हा?"

"हो अप्पा."

"मग मोज."

मी बॅग सोडली आणि मोजायला लागले. ते ओठ हलवत होते, आवाज न करता, बोटं मांडीवरच्या पिशवीवर आपटत होती. खिडकीत त्यांचा गॉगल आणि माझा चेहरा. दोन्ही चेहरे आता बरेच सारखे दिसतात, हे मला तेव्हाच लक्षात आलं.

बाहेर दिवे दिसायला लागले, दिव्याच्या बाजूच्या इमारतींचे. मी म्हटलं, "सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव कसे होतील? एक्सप्रेस आहे. एकोणनव्वद. तू उशिरा सुरू केलंस."

"उशिरा सुरू केलं तर कमी येतील ना अप्पा, जास्त कसे येतील?"

"मग भरभर मोजलंस. लहानपणी पण भरभरच मोजायचीस."

मी म्हटलं लहानपणी मी मोजलंच नव्हतं, तुमच्या शर्टात तोंड घातलं होतं. ते म्हणाले, ते पहिल्या वेळेस, नंतरच्या वेळा तू विसरलीस. समोरच्या सीटवरचे एक आजोबा नाशिकला निघाले होते, ते मधे पडले, त्यांच्या मते मोजायला सुरुवात बोगद्याच्या तोंडापासून करायची की आपला डबा आत शिरल्यापासून, हे आधी ठरवायला हवं. अप्पांना ते एकदम पटलं. डोंबिवली गेली, ठाकुर्ली गेली, कल्याणला उतरायला मी पिशव्या गोळा केल्या तरी त्या दोघांचं चालूच होतं.